मेश्राम बाईंचा दुपारचा खेळ

अंगात ताप भरला की माणसं डॉक्टरकडे जातात, निदान गोधडी ओढून पडून तरी राहतात. मेश्राम बाई टॉकीजमध्ये जायच्या.

मी तुमसरच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते. मी दिघोरीची, धानाच्या शेतीवर वाढलेली. आमच्या घरी दुखणं म्हणजे काळोखी खोली, पातळ पेज आणि तोंड मिटून पडून राहणं. सिनेमा हा तर आजारापेक्षाही मोठा आजार, असं माझ्या वडिलांचं ठाम मत होतं. अशा घरातून आलेली मी. शाळेत रुजू झाल्यावर लगेचच भूगोल शिकवणाऱ्या मेश्राम बाई एकदा तापाने फणफणल्या आणि मुख्याध्यापिकांनी त्यांना घरी पोचवायला मला बरोबर पाठवलं. मी त्यांचा हात धरला तर तो तव्यासारखा तापलेला. बाजाराच्या चौकात आल्यावर त्या घराकडे वळायच्या सोडून भलतीकडेच वळल्या. मला वाटलं, त्या बाजूला दवाखाना असेल. त्या थांबल्या त्या थेट टॉकीजच्या तिकीट-खिडकीशी. मी हबकलेच.

"बाई, तुम्हाला ताप आहे," मी म्हटलं.

"म्हणून तं आली," त्या म्हणाल्या. "घरी गेली तं ताप मोजत बसन. इथं पाह्य, कोणाले कोणाचा ताप नाही."

त्यांनी दोन तिकिटं काढली आणि मला बायकांच्या बाजूला नेऊन बसवलं. पडद्यावर कुठलासा देव ढगातून उतरत होता. बाई पदर डोक्यावर घेऊन, पाय वर घेऊन, अगदी घरच्या खाटेवर बसावं तशा बसल्या. मी मात्र सगळा वेळ दाराकडे बघत होते. कोणी ओळखीचं आलं तर काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव करत होते. खेळ सुटला तेव्हा बाईंना दरदरून घाम फुटला होता आणि ताप उतरला होता. तो सिनेमाने उतरला की सकाळी घेतलेल्या गोळीने, हे मी विचारलं नाही.

पुढे कळलं की बाईंचं हे सगळं ठरलेलं होतं. तापाला देवादिकांचा सिनेमा, कारण त्यात समजून घ्यायचं काही नसतं आणि देव सावकाश चालतात. सर्दीला भरपूर गाण्यांचा. पोट बिघडलं तर मारामारीचा, कारण पडद्यावर इतके लोक मार खाताना पाहिले की आपली कळ लहान वाटते. आणि मन उदास असलं की बहिऱ्या मामाचा. या सिनेमाचं खरं नाव काहीतरी दुसरंच होतं, पण बाई त्याला बहिऱ्या मामाचाच सिनेमा म्हणायच्या. एका लग्नघरी दोन नवरदेव येतात आणि सगळा निवाडा नवरीच्या ठार बहिऱ्या मामावर येऊन पडतो, एवढीच त्याची गोष्ट. जुनी, ओरखडलेली फिल्म. टॉकीजवाल्याला नवं काही मिळालं नाही की तो दुपारच्या खेळाला तीच लावायचा. बाईंना त्यातलं वाक्यन्‌वाक्य पाठ होतं. मी एकदा म्हटलं, तेच तेच पाहून कंटाळा येत नाही का? तर म्हणाल्या, "मन खराब असलं तं नवीन कायले पाहावं? नवीनचा भरोसा नसते. हा मामा मले कधी धोका देत नाही."

त्यांचे मिस्टर तुमसर रोड स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून होते. अबोल, सडपातळ गृहस्थ. सिनेमाची आवड अजिबात नाही, पण सुटी असली की बायकोसोबत यायचे आणि दिवे गेले की झोपायचे. परत जाताना बाई त्यांना सगळी गोष्ट सांगायच्या आणि ते "हो का, मग?" असं विचारत चालायचे. बाई म्हणायच्या, "त्याईले झोप येते, मले बरं वाटते. एका अंधारात दोघाईचं काम होते." घरात एक मुलगा, एक मुलगी आणि मिस्टरांची आई. या आजींना सगळी वस्ती बुढीमाय म्हणायची. बुढीमायने जन्मात टॉकीजचं दार पाहिलं नव्हतं. पण सून पाहते याला तिचा कधी विरोध दिसला नाही, आणि कौतुकही दिसलं नाही.

थंडीचे दिवस होते. माझा वर्ग बाईंच्या वर्गाला लागून होता. स्टेशनातला एक माणूस सायकलवर आला, शिपायाशी बोलला आणि शिपाई बाईंना बाहेर बोलवायला गेला. मी दारातून पाहत होते. तो माणूस मान खाली घालून काहीतरी सांगत होता. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या वर्गात परत गेल्या. मला वाटलं, काही विशेष नसेल. त्यांनी फळ्यावर अर्धी काढलेली वैनगंगा पुसली, मुलींना म्हणाल्या की नदी आपण नंतर पूर्ण करू, आणि हात धुऊन माझ्या दाराशी आल्या. "कुसुम, माह्या वर्गाकडे लक्ष ठेव. आमचे मिस्टर गेले," त्या म्हणाल्या. मी विचारलं, कुठे गेले? खरंच, मी असंच विचारलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मग मला कळलं. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस टेबलावरच मान टाकून गेला होता.

बाई रडल्या नाहीत. बौद्ध पद्धतीने सगळं झालं, भंतेजी आले, वंदना झाली, नातेवाईक बाया गळ्यात पडून रडल्या, आणि बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. आलेल्यांना चहा मिळाला का बघत होत्या. बुढीमाय भिंतीला टेकून बसली होती, तिचेही डोळे कोरडे. शेजारच्या बाया आपसात म्हणत होत्या की दोघीही दगडाच्या आहेत. मी रोज शाळा सुटली की जात होते. बाईंची मुलं त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायची. आईचं तोंड जरा हललं की मुलीचं तोंड वाकडं व्हायचं. हे पाहून मलाच तिथे बसवेना.

आठवडाही उलटला नसेल. शाळेला सुटी होती. बाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या, अंगावर साधं पांढरं लुगडं. म्हणाल्या, "चाल, मले एका ठिकाणी जायचं आहे." मला वाटलं, पेन्शनचं काही काम असेल. त्या चौकात वळल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी रस्त्यातच थांबले. टॉकीजवर बहिऱ्या मामाचं जुनं पोस्टर लागलं होतं.

मी त्यांना समजावलं. लोक काय म्हणतील, शाळेत कळलं तर काय होईल, मुलांचं काय, सगळं बोलून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला परत जायला सांगितलं. त्यांना एकटीला सोडणं मला जमलं नाही. तिकीट देणाऱ्या माणसाने त्यांना ओळखलं. त्याला मिस्टर गेल्याचं ठाऊक होतं. तिकीट फाडताना त्याचा हात क्षणभर थांबला. बायकांच्या बाजूला बसलेल्या दोघी-तिघी आमच्याकडे वळून पाहायला लागल्या, त्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीची आई होती. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

सिनेमा सुरू झाला. बाई ताठ बसून होत्या. एकदाही हसल्या नाहीत. मग तो प्रसंग आला. दोन नवरदेव घोड्यावरून उतरतात आणि मामा त्या दोघांना सोडून बँडवाल्यालाच ओवाळायला लागतो. सगळं टॉकीज नेहमीसारखं फुटलं. लोक बाकांवर हात आपटत होते, शिट्ट्या मारत होते. आणि त्या गदारोळात माझ्या शेजारून एक आवाज आला. असा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गाय हंबरते तसा. मी वळून पाहिलं तर बाई पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकून, दोन्ही हातांनी ती पाठ धरून रडत होत्या. हसणं ओसरलं की त्या तोंडात पदर कोंबायच्या, हसणं उसळलं की सोडायच्या. त्यांना ठाऊक होतं, लोक कुठे हसणार आणि किती वेळ. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आजूबाजूला कोणाला काही कळलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी नळावर तोंड धुतलं. एवढंच म्हणाल्या, "घरी पोट्टे पाहतात. म्हातारी पाहते. मी रडली तं ते जगतीन का?"

त्या मुलीच्या आईने आपलं काम केलं होतं. बाई शाळेत पुन्हा रुजू झाल्या त्याच दिवशी संस्थेचे अध्यक्ष मुख्याध्यापिकांच्या खोलीत येऊन बसले. त्यांची राइस मिल होती, गावात वजन होतं. बाईंना बोलावलं, आणि सोबत होते म्हणून मलाही. अध्यक्ष आवाज न चढवता बोलत होते. म्हणाले, "तुमच्यात सुतक नसतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शाळेत आमच्याही मुली शिकतात." पालकांत चर्चा आहे, शिक्षिकेच्या वागण्याचा परिणाम होतो, तेव्हा बाईंनी आपणहून राजीनामा दिला तर बरं होईल, असं त्यांनी सुचवलं. त्या घरात आता बाईंच्या पगाराशिवाय दुसरी कमाई नव्हती.

मग ते माझ्याकडे वळले. सिनेमा हसण्याचा होता का? मी हो म्हटलं. मेश्राम बाई हसल्या का? मी नाही म्हटलं. मग काय करत होत्या? मी सांगणारच होते. सांगितलं असतं तर तिथल्या तिथे सगळं मिटलं असतं. पण बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नको. मग अध्यक्षांना म्हणाल्या, "मी काय केलं ते माह्यं आहे. त्याची पावती मी तुमाले कायले देऊ?"

मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. बुढीमाय उभी होती. शेजारणीकडून तिला कळलं होतं की सुनेला जाब विचारायला बोलावलं आहे. एवढं अंतर ती पायी आली होती, छातीचा भाता हलत होता. शिपायाने बसायला स्टूल दिलं, ती बसली नाही. अध्यक्षांकडे पाहून म्हणाली, "मीच धाडली होती तिले सिनेमात."

अध्यक्षांनी विचारलं, आजी, तुम्ही?

"हो, मी. लेक माहा मेला. मले चालते, तं तुमाले काहून चालत नाही?"

अध्यक्षांनी टोपी नीट केली, पुढे जरा विचार करत जा असं काहीतरी पुटपुटले आणि उठून गेले. राजीनाम्याची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

मुख्याध्यापिकांनी आम्हाला लवकर सोडलं. बुढीमायच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मी. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणाल्या, "माय, मी तं तुमाले सांगतलंच नव्हतं. कुसुमकडे जातो म्हणून निंगाली होती."

"मले मालूम हाये," बुढीमाय म्हणाली. "लबाड बोलली मी." थोडं चालून ती थांबली. काठीवर दोन्ही हात ठेवून तिने सुनेकडे पाहिलं. "मले एक सांग. तिथं रडू येते का?"

बाईंनी हो म्हटलं.

"मंग मले काहून नाही नेलं?"

सासूसमोर रडायचं नाही म्हणून सून कोरडी राहिली होती, आणि सुनेसमोर रडायचं नाही म्हणून सासू. एकाच खोलीत, भिंतीला टेकून, एकमेकींची राखण करत. हे मला तिथे रस्त्यावर उभ्या उभ्या कळलं.

पुढच्या वर्षी माझं लग्न होऊन मी साकोलीला गेले. बाई मुलांना शिकवून, मुलीचं लग्न करून, नोकरीतून निवृत्त व्हायच्या आधीच गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं. पण बाईंची आठवण निघाली की मला त्यांचं मरण आठवत नाही, अध्यक्ष शाळेत येऊन गेले त्यानंतरचा तो रविवार आठवतो.

बहिऱ्या मामाचा सिनेमा तोवर उतरला होता. डाकूंचा एक सिनेमा लागला होता. बुढीमाय म्हणाली, चालन. आम्ही तिला दोघींच्या मध्ये बसवलं. अंधार झाला तशी ती घाबरून माझा हात धरून बसली. मग घोडे आले, बंदुका सुटायला लागल्या, टॉकीजच्या पत्र्यापर्यंत आवाज घुमायला लागला, आणि त्या आवाजाच्या आत बुढीमायने आपल्या लेकाचं नाव घेऊन हंबरडा फोडला. बाईंनी तिला कवेत घेतलं. पडद्यावर माणसं मरत होती आणि या दोघी एका माणसासाठी रडत होत्या. पुढे बसलेल्या एका बाईने वळून पाहिलं. या वेळी मी तोंड लपवलं नाही.

मध्यांतरात दिवे लागले. दोघींचे चेहरे सुजले होते. बुढीमायने पदराने नाक पुसलं, इकडेतिकडे पाहिलं. फुटाणेवाला ओरडत फिरत होता. लेक गेल्यापासून तिच्या पोटात दोन घास सरळ गेले नव्हते, ताट पुढे केलं की ती परत सारायची.

"शालू," ती सुनेला म्हणाली, "मले भूक लागली."

बाई चपला न घालताच फुटाणेवाल्यामागे धावल्या.