दादा बारीक झाला तेव्हा

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीहून घरी निघालेल्या कंपनीच्या कॅबमध्ये होते. गाडी जागची हलत नव्हती. "हे गेले गं," एवढंच ती म्हणाली आणि तिच्या हातून फोन तेजूने, माझ्या भाचीने घेतला. धक्का बसला असं म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी कल्पना देऊन ठेवली होती. धक्का बसला तो नंतर, भेटायला येणाऱ्यांच्या बोलण्याचा. "मधे तर किती छान बारीक झाला होता, तब्येत सुधारली होती... मग अचानक कसं?" जो तो हेच विचारत होता. ते अचानक नव्हतं आणि तब्येतही सुधारलेली नव्हती. म्हणून हे लिहायला बसले.

सुधाकरदादा भोसरीत राहायचा आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काम करायचा. तरुणपणी मंडळाच्या संघात कबड्डी खेळायचा. चढाईला गेला की तिघाचौघांनी मांड्यांना मिठी मारली तरी त्यांना ओढत मधल्या रेषेपर्यंत यायचा. नोकरी लागल्यावर खेळ सुटला आणि शिफ्ट सुटल्यावर मित्रांबरोबर बसणं सुरू झालं... आधी पगाराच्या दिवशी, मग शनिवारी, मग रोज. पिऊन त्याने कधी तमाशा केला नाही, आवाज चढवला नाही, कामावर खाडा केला नाही. त्यामुळे त्याला व्यसन म्हणावं असं घरात कुणाला वाटलंच नाही. दिसायचं ते फक्त पोट.

त्या पोटाची त्याला लाज वाटायची. मित्र "काय राव, शेठ झालात!" म्हणून पोटावर थाप मारायचे आणि तो शर्ट खाली ओढायचा. सकाळी मैदानाला फेऱ्या मारायला लागला, भात सोडला, चहातली साखर सोडली. वजन काही हलेना. शेवटी वहिनी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "दारू शरीराला साठवता येत नाही. ती आत गेली की शरीर बाकी कामं बाजूला ठेवून आधी तिलाच जाळतं. तोवर तुम्ही खाल्लेलं तेल-तूप, सोबतचा चखणा, सगळं चरबी होऊन बसतं. पोटावर बसतं, तसं लिव्हरमध्येही."

"म्हणजे भात चालेल?" दादाने विचारलं.

"भात खा. ग्लास सोडा."

दादाने त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं. पोटात दारू आणि जेवण यांपैकी एकच जाऊ द्यायचं असं त्याने ठरवलं आणि जेवण सोडलं. वजन उतरायला लागलं. शर्ट सैल झाले, गाल बसले. कंपनीत लोक विचारायला लागले, "भावा, कसं जमवलं? आम्हालाही सांग की." तो खूश होता. त्या भाऊबीजेला मी ओवाळलं आणि पाटावरून उठताना त्याने आधी जमिनीला, मग भिंतीला हात टेकला. "पाय दुखतायत का रे?" मी विचारलं. "दुखत नाहीत गं. पायात जोरच नाही." मी नीट पाहिलं. मांड्या गेल्या होत्या, दंड गेले होते. पोट मात्र होतं तिथेच होतं.

मग वजन परत वाढायला लागलं, तेही भराभर. "उपाशी राहूनसुद्धा वाढतंय, आता काय हवा खाऊन जगू?" तो वैतागून म्हणाला. पाय सुजले होते. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. दवाखान्यात कळलं की ती चरबी नाही, पाणी आहे. लिव्हर निकामी होत आलं होतं. सुई घालून पोटातलं पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं केल्यावर त्याने नर्सला आकडा विचारला आणि माझ्याकडे बघून हसला. "बघ, एका दिवसात!" मग हसू ओसरलं. म्हणाला, "म्हणजे एवढे दिवस मी माझं वजन बघतच नव्हतो..."

त्यानंतर त्याने थेंबालाही हात लावला नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. संध्याकाळ सरता सरत नसे, म्हणून मला फोन करायचा. काहीही बोलायचा. एकदा म्हणाला, "दुधीची भाजी इतकी चांगली लागते, हे मला माहीतच नव्हतं गं." लवकर थांबतात त्यांचं लिव्हर बरंचसं सावरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. दादाला थांबायला उशीर झाला होता.

गेल्या रविवारी भोसरीला गेले. वहिनीने दुधीची भाजी आणि वरण वाढलं. पहिला घास घेतला आणि कळलं, मीठ नाही. पाणी साठू नये म्हणून डॉक्टरांनी दादाचं मीठ जवळजवळ बंद केलं होतं, आणि त्याचं वेगळं शिजवायला नको म्हणून तिघंही तसंच जेवत होती. वहिनी गडबडून उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली. तेजूने तो माझ्या ताटाशी सरकवला.

"आत्या, तू वरून घे," ती म्हणाली. "आम्हाला आता असंच लागतं."