दामू मोकलच्या फिल्ममधला हात

दामू मोकलला पोपट ओळखत होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. उभ्या आयुष्यात त्यांच्या भेटी झाल्या त्या दहा-बारा. दामू रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत राहायचा, कंपनीत शिफ्टला जायचा आणि दरसाल गणपती मात्र पेणहून, पोपटच्या वडिलांच्या कारखान्यातून न्यायचा. त्याच्या घरात कोण कोण होतं, हेही पोपटने कधी विचारलं नाही.

एक गोष्ट तेवढी माहीत होती. दामूच्या आगबोटीवरच्या मेव्हण्याने त्याला चावीचा मूव्ही कॅमेरा आणि प्रोजेक्टर आणून दिला होता. एका वर्षी मूर्ती न्यायला आला तेव्हा त्याने कारखान्यात तो कॅमेरा तीन-चार मिनिटं घरघरवला. पोपटचे वडील सखाराम तेव्हा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होते. "उजेड अडवू नको, मग काय काढायचं ते काढ," एवढंच ते म्हणाले.

अठ्ठ्याहत्तर सालच्या चैत्रात सखाराम गेले. चतुर्थी बारा दिवसांवर आली तेव्हा ऐंशी मूर्ती रंगून उभ्या होत्या, डोळ्यांवाचून. साचा, घासकाम, रंग सगळं पोपटला येत होतं. आखणी वडिलांनी कुणाला करू दिली नव्हती. पोपट उजव्या अंगाला रंगाची वाटी धरून बसे आणि श्वास रोखून कुंचल्याचं टोक बघे. आता त्याने आखलेली रेघ वळणावर अडखळत होती. त्याची आई बायजाबाई तीन मूर्ती बघून म्हणाली, "देव वटारून बघतोय रे. असा कोण घरी न्येल?"

पोपटने ते डोळे पुसले आणि रोह्याची एसटी पकडली.

दामूने काय हवं ते ऐकून घेतलं. खिडक्या लावल्या, भिंतीवर धोतर ताणलं, डब्यातलं रीळ यंत्रात ओवलं. दिवा लागला आणि भर दुपारी, त्या अंधारात, पोपटचे वडील धोतरावर येऊन बसले. त्यांनी कुंचला ओठांत धरून टोक काढलं. खांदा खाजवला. आवाज नव्हता, पण माणूस होता. श्वासागणिक बंडी वरखाली होत होती.

वडिलांनी कुंचला मूर्तीला टेकवला. रेघ उमटली, वळली आणि संपली. कशी वळली ते काही कळलं नाही.

"थांबवा हो दामूभाऊ, जरा."

यंत्र थांबलं तर दिव्याच्या आचेने फिल्म जळते, म्हणून दामूने तीच पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी पोपटला वाटलं, कुंचला हललाच नाही. मग रेघ कशी वळेल? चौथ्यांदा कडेची भोकं फाटायला लागली, चित्र थरथरलं. दामूने एकवार पोपटकडे पाहिलं आणि यंत्र थांबवायचं बटण दाबलं.

वडील जागच्या जागी थांबले. कॅमेरा त्या वर्षी डावीकडून धरलेला होता. उजवा हात दगडासारखा स्थिर. मूर्तीमागे, पोपटला कधीच दिसला नव्हता असा, डावा हात. मूर्तीखालचा पाट फिरवता फिरवता थांबलेला. म्हणजे कुंचला जागेवर होता आणि देवच त्याच्याखालून वळत होता.

वीस वर्षं पोपट शेजारी बसला होता आणि हे त्याने पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात वडिलांच्या कपाळावर तपकिरी ठिपका उठला, पसरला, आणि त्यांचं तोंड वितळून धोतरावर नुसता पांढरा उजेड राहिला. दामूने यंत्र सोडवलं, जळका तुकडा कापला, टोकांना चिकटपट्टी लावली.

"दोनचार चित्रं गेली," तो म्हणाला. "बाकीचे हायत तुझे बाबा."

अकरा दिवस पोपट जेवणापुरता उठला. पहिली मूर्ती बिघडली, दुसरी बरी झाली, मग हातांना सापडलं. बायजाबाई दर मूर्तीसमोर क्षणभर उभी राहायची आणि पुढे जायची.

आदल्या दिवशी दामू आपला गणपती न्यायला आला. मूर्तीसमोर उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ डोळ्यांकडे बघत राहिला. मग मूर्तीच्या तोंडावर धुवट रुमाल टाकला, तिला छातीशी धरलं आणि स्टँडकडे निघाला. पोपट छत्री धरून बरोबर गेला. पुढल्या माघात दामू वारला, ते पोपटला महिन्याने कळलं.

त्या दिवशी एसटीच्या दारात पोपट एवढंच म्हणाला होता, "दामूभाऊ, म्होरं बसा. मागं लय आदळतंय."

"व्हय, म्होरंच बसतो. तू जा, भिजशील."