बागवान टेस्ट

आधी चहा घ्या. आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा, कारण आता सांगतोय तो घोळ दुसऱ्या कुणाचा नाही, अस्सल घरचा माल आहे.

तुम्हाला माहीतच आहे, हडपसरच्या एका कंपनीत मी बसचे कॅमेरे जोडतो. बसच्या मागे कॅमेरा, पुढे ड्रायव्हरसमोर स्क्रीन, मध्ये एक बारीक केबल. कॅमेऱ्याजवळ एक चिप असते, सिरियलायझर. ती अख्खं चित्र एका रांगेत लावून केबलमधून भरधाव सोडते. सिग्नल कसा पोचतोय, ते मोजायला स्कोप असतो. त्याच्या पडद्यावर डोळ्यासारखी आकृती उमटते. डोळा टक्क उघडा असला की सिग्नल फर्स्टक्लास. पेंगुळलेला असला की गडबड!

आणि डोळा वाचण्यात, खोटं कशाला बोलू, अख्ख्या कंपनीत माझा हात धरणारा कुणी नाही. रक्तातच आहे हो ते! मार्केट यार्डात अब्बांचा फळांचा गाळा. नुसत्या वासावर आंबा पास-नापास करणारं आमचं घराणं!

तर त्या दिवशी देशपांडे मॅडम आल्या. शाळेच्या बस बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर. आम्ही जोडून दिलेल्या पहिल्या बसमध्ये चित्र मध्येच फुटत होतं, जांभळे पट्टे येत होते.

"बसच्या मागे मुलं उभी असतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मला मुलं दिसायला हवीत, पट्टे नकोत. पाचपर्यंत जमलं नाही, तर ऑर्डर दुसरीकडे देऊ."

आमच्या जोशी सरांना घाम फुटला. मी म्हटलं, "सर, आपण निश्चिंत राहा. बागवान आहे ना!"

स्कोपची ट्रॉली बसशेजारी लावली, केबलच्या स्क्रीनकडच्या टोकाला स्कोपही जोडला, पडद्याकडे बघितलं. अहाहा! काय डोळा होता म्हणून सांगू! रेखीव, टपोरा, आणि थरथर म्हणून नाही.

"सर, सिग्नल शुद्ध आहे. दोष स्क्रीनचा!"

स्क्रीन बदलली. पट्टे.

"मग कॅमेरा!"

कॅमेरा बदलला. पट्टे.

"बॅटरी असेल हो सर!"

बॅटरी बदलली. पट्टे आपले जागच्या जागी. शेवटी मी मॅडमच्या चष्म्याकडे संशयानं बघायला लागलो.

"केबल?" मॅडमनी विचारलं.

मला रागच आला. "केबल मी स्वतः बसवलीये, मॅडम!" बसवली होतीच तशी. कोपऱ्यात काटकोनात वळवून, प्लॅस्टिकचे टाय करकचून आवळून, फुटपट्टीनं आखल्यासारखी. "आणि डोळा बघा ना. इतका स्थिर डोळा आपण आयुष्यात पाहिला नसेल!"

"नाही पाहिला," मॅडम म्हणाल्या. पुढे झाल्या आणि त्यांनी केबल सरळ उपसून काढली.

ड्रायव्हरची स्क्रीन काळीठिक्कर. आणि स्कोपवर? डोळा टक्क उघडा!

मॅडमनी केबलचं टोक माझ्या नाकासमोर धरलं.

"बागवान, केबल माझ्या हातात आहे आणि सिग्नल उत्तम येतोय. केबलशिवाय चालणारी लिंक आपण शोधली असेल, तर तीच द्या. आम्हाला स्वस्त पडेल."

झालं काय होतं? सकाळी मी तुलनेसाठी स्कोपच्या मेमरीतला एक जुना, आदर्श डोळा उघडला होता. गर्दी नको म्हणून पडद्यावरचा चालू सिग्नल बंद केला होता. मग चहा प्यायला गेलो, आणि चहाबरोबर ते सगळंच गिळून बसलो. दिवसभर मी फोटो मोजत होतो!

केबल परत लावून चालू सिग्नल उघडला. तो डोळा पेंगुळलेला कसला, ढाराढूर झोपला होता! माझ्या त्या देखण्या काटकोनात केबल आतून चेपली होती. टाय कापले, नवी केबल टाकली, सैल गोल वळण दिलं. डोळा उघडला, पट्टे गेले. पाच वाजायच्या आत, बरं का! स्क्रीनवर बसमागे उभे असलेले जोशी सर स्वच्छ दिसत होते, कपाळ पुसताना. ऑर्डर आमच्याकडेच राहिली.

आणि खरी अभिमानाची गोष्ट पुढेच आहे. आता कंपनीत कुणीही "सिग्नल उत्तम" म्हटलं, की आधी त्याला केबल काढून दाखवावी लागते. डोळा मिटला तरच माप खरं. या तपासणीचं नाव 'बागवान टेस्ट'! अहो, किती इंजिनिअरांच्या नावाची टेस्ट असते?

घरी जाऊन छाती फुगवून अब्बांना सांगितलं. बाजाराची गोष्ट निघाली की अब्बा मराठीतच बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले,

"म्हणजे तू पेटी उघडलीच नाहीस. पेटीवर छापलेला हापूस बघून माल पास केलास, आणि वर त्याला घराण्याचं नाव दिलंस!"