माझा लुपस आणि लाखोळीचे वडे

दवाखान्याची फाइल जाड होत जाते, तसे किस्सेही वाढत जातात. फाइल मी कपाटात कोंबते, पण किस्से कुठं कोंबू? म्हणून सांगून टाकते, ऐका.

मी गोंदियाजवळच्या एका छोट्या शाळेत बाई आहे, कुडव्याहून रोज स्कूटीवर जाते. स्टाफ आम्ही चौघंच: मी, बिसेन मॅडम, कटरे सर आणि शिपाई सुखरामभाऊ. सुट्टीत चारही डबे मधोमध ठेवायचे आणि ज्याला जे आवडेल ते त्यानं उचलायचं. माझे लाखोळीच्या डाळीचे वडे सगळ्यात आधी उडायचे. कटरे सर तर डबा उघडायच्या आधीच ओळखायचे, "आज वडे!"

मग माझे सांधे दुखू लागले, ताप येऊ लागला, गाल लाल झाले. कोणी उष्णता म्हटलं, कोणी अ‍ॅलर्जी. वर्षभरानं नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: लुपस. मी ते शाळेत येऊन सांगितलं आणि त्या दिवसापासून माझ्या डब्यात कोणाचा हात जाईना! वडे जसेच्या तसे घरी. खोटं कायले बोलू, आजारापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

*

नाव कळायच्या आधीची गोष्ट. बिसेन मॅडम माझे गाल बघून म्हणाल्या, "क्या ग्लो है यार! कोणता ब्लश लावतेस?"

"काहीच नाही लावलं."

"झूठ! सांगायचं नसेल तर नको सांगू."

तीन आठवडे रुसल्या! लुपस कळल्यावर मात्र गळ्यात पडून रडल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "सॉरी यार, मला वाटलं इम्पोर्टेड आहे."

*

म्हटलं, एकदा सगळ्यांना नीट समजावून टाकू. "हे बघा, आपल्या शरीराची राखण करणारी एक ताकद असते. माझी ती फिरली. शेतावर राखणीला ठेवलेला कुत्रा मालकालाच चावून राहिला, असं समजा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलं!

दुसऱ्या दिवशी सुखरामभाऊ हळूच जवळ आले. "बाई, इंजेक्शन घेतले का?"

"कशाचे?"

"कुत्रा चावला म्हणे न! जिता आहे का तो? दहा दिवस लक्ष ठेवा लागते त्याच्यावर."

मी कपाळाला हात लावला. "जिता आहे भाऊ. जन्मभर राहणार आहे."

"मंग बांधून ठेवा न त्याले!"

"त्याच्याच तर गोळ्या खाऊन राहिली!"

*

डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलं. त्यामुळे मी डिसेंबरच्या कोवळ्या उन्हातही छत्री घेऊन फिरते. आमच्या तिसरीच्या पोरांनी आठवडाभर हे पाहिलं. सोमवारी अख्खा वर्ग छत्र्या घेऊन हजर! आभाळात एक ढग नाही. एक पोरगी तर बापाचा रेनकोट जमिनीवर लोळवत आली.

"काऊन रे? पाऊस कुठं आहे?"

"आमाले काय माहीत बाई! तुमाले माहीत असल म्हणून आणल्या न!"

मी हसत स्टाफरूममध्ये आले आणि बिसेन मॅडमना सांगितलं. त्यांनी गुपचूप आपली छत्री टेबलाखाली सरकवली.

*

आता कटरे सर. आमच्याकडे पोषण आहाराच्या खिचडीची चव आधी शिक्षकानं घ्यायची, अर्धा तास थांबायचं, चव रजिस्टरमध्ये लिहायचं आणि मग पोरांना वाढायचं, असा नियम. हे काम कटरे सरांचं. दोन घास खाऊन ते अर्धा तास स्वतःची नाडी धरून बसतात! अशा माणसाला लुपसची किती भीती असेल? मी हात लावलेला खडू ते रुमालानं उचलायचे.

एकदा पोरांच्या तपासणीला तरुण डॉक्टरीणबाई आल्या. मी स्टाफकडे बोट दाखवून म्हटलं, "मॅडम, जरा आमच्या या मोठ्या पोरांनाही लुपसचं सांगा!" त्यांनी सांगितलं की लुपस संसर्गजन्य नाही, कोणाचा कोणाला लागत नाही.

कटरे सर उभे राहिले. "शिंक आली तर?"

"नाही लागत."

"एका खुर्चीवर बसलं तर?"

"नाही."

"एका डब्यात जेवलं तर?"

"नाही हो सर, बिनधास्त जेवा!"

"लेखी देता का?"

डॉक्टरीणबाईंनी खरंच चिठ्ठीवर लिहून दिलं. सरांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि खडू रुमालानंच उचलून वर्गात गेले. मला तर रडूच आलं. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "आता वडे करणंच बंद."

*

बंद कुठलं! पुढच्या आठवड्यात सवयीनं डाळ भिजवलीच. डबा टेबलावर ठेवला आणि चौथीचा तास घ्यायला गेले. सुट्टीत येऊन उघडला तर डबा रिकामा! खाली एक मिरचीचा तुकडा तेवढा उरलेला.

"कोणी खाल्ले?"

बिसेन मॅडमनी खांदे उडवले. सुखरामभाऊ म्हणाले, "मी नाही बा." कटरे सर खिडकीजवळ पाठमोरे बसलेले.

त्या दिवशी खिचडीच्या नोंदीवर माझी सही हवी होती, म्हणून मी चव रजिस्टर उघडलं. खिचडीच्या ओळीखाली सरांच्या अक्षरात आणखी एक ओळ होती:

"बाईंचे वडे. नग सहा. चव घेतली. अर्धा तास थांबलो. काही झालं नाही. मीठ कमी. उद्या पुन्हा तपासणी करावी लागेल."