इंजिन गेलंय म्हणाले, म्हणून आम्ही नाट्याला गेलो

माझी गाडी वीस वर्षांची आहे. मी ती चालवायला शिकले सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी कुठेही जायचं तर ह्यांची सवड, ह्यांचा मूड आणि ह्यांचा आवडता रस्ता सांभाळावा लागे. त्यामुळे दिवाळीनंतर गाडी मध्येच बंद पडायला लागली तेव्हा मी मनातून घाबरले. चालता चालता आचके द्यायची आणि थांबायची. अर्धा-पाऊण तास रस्त्याकडेला उभी केली की मुकाट सुरू. कोल्हापुरातल्या गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग फिल्टर, मग पेट्रोलचा पंप. त्या पंपाच्या बिलात दोन माणसं गोव्याला जाऊन आली असती.

"आता बिनधास्त जावा," तो म्हणाला. म्हणून रत्नागिरीचा बेत ठरला.

सोबत माझ्या वन्सं, उषाताई. ह्यांच्या थोरल्या बहीण, साठी ओलांडलेल्या. त्यांचा जगात कुणावरही विश्वास नाही. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघतात, आणि पेट्रोलपंपावर गाडीतून उतरून आकड्यांवर नजर रोखून उभ्या राहतात.

मलकापूरपर्यंत रस्ता छान. आंबा घाटात सकाळी धुकं असतं, तेव्हा दिवे लावून सावकाश उतरा आणि माथ्यावरच्या टपरीत चहा घ्या. घाट संपल्यावर चौपदरीकरणाची धूळ सुरू होते, काचा वर घ्या. आमच्या काचा वर होत्या, एसी मस्त चालू होता, आणि पालीच्या अलीकडे गाडीने तिचे ओळखीचे आचके दिले. बंद.

"नवा पंप ना?" वन्सं म्हणाल्या.

"नवाच."

"मग जुना त्याने कुणाच्या गाडीत घातला असेल?"

पाऊण तासाने गाडी सुरू झाली. पालीत गरम घावणे आणि चटणी खाल्ली, तेवढंच सांत्वन. रत्नागिरीत पोचताच लॉजच्या मॅनेजरने एका गॅरेजचा पत्ता दिला. मालक पंचेचाळिशीचा, शर्ट कडक इस्त्रीचा. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक चालू इंजिनवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून उभ्या. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक उभे असतात तशा.

"इंजिनच गेलंय ओ ताई," तो डोळे उघडत म्हणाला. "कॉम्प्रेशन नाय राह्यलेलं. खाली उतरवायला लागेल."

"इंजिन गेलंय, तर अर्ध्या तासाने परत येतं कसं?" वन्संनी विचारलं.

"थंड झालं की येतं ओ काकी. म्हाताऱ्या माणसाचं कसं असतं, जरा बसलं की परत चालतं."

वन्संना 'काकी' चाललं असतं, 'म्हातारं' चाललं नाही. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं की ह्या माणसाचं काही खरं नाही. पण मी मात्र पार घाबरले होते. सामान मुंबईहून मागवायचं म्हणून त्याने ॲडव्हान्स मागितला आणि मी देऊनही टाकला. एकूण खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. ह्यांना फोन केला तर ते म्हणाले, "ॲडव्हान्स परत घे. मी भंगारवाल्याशी बोलतो, सोमवारी बोलावतो." आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

मी लॉजच्या पलंगावर बसून राहिले. सामान यायला दोन दिवस होते. वन्संनी पिशवीत टॉवेल कोंबला आणि म्हणाल्या, "ऊठ. उद्या किनाऱ्याने नाटे गावाला जाऊ."

"वन्सं, वाटेत बंद पडली तर?"

"पडू दे की! तशीही भंगारात चाललीय. बिचारी समुद्र तरी बघून जाईल."

तर मंडळी, रत्नागिरी ते नाटे हा किनाऱ्याचा रस्ता चुकवू नका. भाट्ये, पावस, गावखडीचं सुरूचं बन, कशेळी, आडिवरे. थंडीच्या दिवसांत सडे सोनेरी होतात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वाळक्या गवताच्या मधून काळपट लाल दगड डोकावतो आणि मध्येच खाली अचानक निळा समुद्र दिसतो. रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की तुम्हीच मागे सरा, ती सरत नाही.

कशेळीच्या पुढे अशाच एका सड्यावर गाडी बंद पडली. सावली नाही, मोबाईलला रेंज नाही. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली.

"काय झालं? कुठं चाल्लाव?"

"नाट्याला. गाडीचं इंजिन गेलंय."

"अगो बाय!" ती म्हणाली. "मग आलाव कशाला?"

ती हसत निघून गेली. वन्सं मात्र डोळे बारीक करून विचार करत होत्या.

"त्या गॅरेजवाल्याने पेट्रोल काढून घेतलं असणार."

"काटा अर्ध्यावर आहे, वन्सं."

"काट्याला काय, काटा कुणीही बिघडवतं. किल्ली दे."

त्या मागे गेल्या, टाकीच्या झाकणाला किल्ली लावली आणि फिरवली. फुस्स्स! एवढा मोठा आवाज झाला की वन्सं चार पावलं मागे सरकल्या. टाकी जोरात हवा आत ओढत होती. मी सहज स्टार्टर मारला. गाडी एका फटक्यात सुरू! पाऊण तास नाही, पाच मिनिटंसुद्धा नाहीत.

आम्ही झाकण लावून पुढे निघालो. आडिवऱ्याच्या पुढे ती पुन्हा बंद पडली. झाकण उघडलं, फुस्स, सुरू. आता मला उलगडा झाला. पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत बाहेरची हवा शिरायला हवी. आमचं झाकण इतकं घट्ट होतं की हवा जात नव्हती, आणि पेट्रोल पुढे येणं थांबत होतं. थोड्या वेळाने फटीतून हवा झिरपली की गाडी बरी!

"हे झाकण कधीचं?" वन्संनी विचारलं.

दिवाळीत जुन्या झाकणाची किल्ली हरवली, तेव्हा रस्त्यावरच्या दुकानातून स्वस्तात नवं झाकण आणलं होतं. कुणी आणलं, हे वन्संना सांगावं लागलं नाही. आपल्या भावाला त्या चांगल्या ओळखतात. त्या रस्त्यातच वाकून हसल्या.

नाट्यात आम्ही राजासारख्या जेवलो. एका घरगुती खानावळीत आधी फोन करून सांगावं लागतं, मग ताजी सुरमई आणि तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी मिळते. दर शहरातल्या हॉटेलच्या निम्मा. यशवंतगडाच्या तटावरून खाडीतल्या होड्या बघत मी इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा निवांत बसले. वन्सं निवांत नव्हत्या. त्या बेत रचत होत्या.

परत येताना पावसपर्यंत झाकण सैल ठेवलं. (हे तुम्ही करू नका, पेट्रोलचा वास येतो आणि धोकाही असतो.) पावसला ते घट्ट लावलं आणि थेट गॅरेज गाठलं. "मालक, एक चक्कर मारा, नवाच आवाज येतोय," वन्संनी गोड आवाजात सांगितलं. मालक शेजारी बसला. भाट्याच्या पुलापलीकडे गाडीने आचके दिले आणि थांबली.

"बघा! मी काय म्हटलं? इंजिनच," तो खूश होऊन म्हणाला.

"सामान निघालं का मुंबईहून?"

"निघालं ओ काकी. वाटेत आहे."

"असू दे. माझ्याकडे एक मंत्र आहे," असं म्हणत वन्सं उतरल्या. गाडीच्या मागे हात जोडून उभ्या राहिल्या, ओठ हलवले आणि हळूच झाकण फिरवलं. फुस्स. मी स्टार्टर मारला. गाडी गुरगुरली.

मालकाने खाली उतरून झाकण हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. पुन्हा लावून पुन्हा उघडलं. कानामागे लाल झाला.

"झाकण कोण बघतंय ओ," तो पुटपुटला.

"आणि वाटेतलं सामान?" वन्सं म्हणाल्या.

तो खो खो हसला. "नाय मागवलेलं." गॅरेजवर येऊन त्याने ॲडव्हान्समधले तपासणीचे पैसे कापून बाकीचे परत दिले, आणि समोरच्या दुकानातून योग्य झाकण स्वतः आणून बसवलं. झाकणाची किंमत सांगत नाही. ऐकून पेट्रोलच्या पंपाचं बिल आठवतं. ते पैसे गेले ते गेलेच.

घाट चढून कोल्हापूरला आलो, गाडीने एकदाही आचका दिला नाही. झाकण कुणी आणलेलं, हे वन्संनी उंबरठ्यातच जाहीर केलं. हे पेपर वाचत राहिले. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं नाही.

माझ्यापाशी काय उरलं म्हणाल तर एक चीड, स्वतःवरची. गॅरेजवाला ठाम आवाजात बोलला की मी मान डोलवायची, आणि 'कशावरून?' एवढंही विचारायची नाही. आता विचारते. उत्तर पटेपर्यंत विचारते. कोल्हापुरातला गॅरेजवाला मला लांबून बघितलं की गाडीखाली शिरतो.

सोमवारी ठरल्याप्रमाणे भंगारवाला दारात आला. "गाडी चालू आहे का बंद?" त्याने विचारलं.

"बसा," मी किल्ली उचलत म्हटलं, "तुम्हाला स्टँडपर्यंत सोडते."