आमच्या झेलणारीला वगळताना

शनिवार, १० जानेवारी. काम: दहा जर्सी हाताने धुणं. मशीनमध्ये टाकल्या की पाठीवरचे आकडे पापुद्र्यासारखे सुटतात, हे आम्ही एक अख्खा संच वाया घालवून शिकलो आहोत. त्यामुळे सामन्यानंतर पिशवी जिच्या घरी जाते तिला बादली काढावी लागते. त्या आठवड्यात पिशवी मस्कतजवळ सीबला, माझ्या घरी होती.

चार नंबरच्या जर्सीला साबण लावला आणि पांढऱ्या बाहीच्या कडेला लाल डाग उमटला. आधी रक्त वाटलं. नाकाशी नेऊन पाहिलं तर हळद. कोरडी असताना फिकट पिवळी होती म्हणून लक्षात आली नव्हती; साबण लागला की हळद लाल होते, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. पोटाजवळही तसेच दोन पट्टे होते, कुणी घाईत बोटं पुसावीत तसे. म्हणजे चार नंबरची बाई बोटांना हळदीचा लेप लावून, वर पट्टी गुंडाळून खेळत होती. आम्हाला मात्र सांगत होती की नखं तुटतात म्हणून पट्टी.

आम्ही मस्कतमधल्या दहा मराठी बायका थ्रोबॉल खेळतो. मैदान व्हॉलीबॉलसारखं, मध्ये जाळी, एका बाजूला सात जणी. फरक इतकाच की चेंडू टोलवायचा नसतो, झेलायचा असतो. दोन्ही हातांनी, आवाज न करता झेलायचा आणि तीन सेकंदांत एका हाताने पलीकडे फेकायचा. चेंडू हातात हलला किंवा फट् असा आवाज झाला तरी गुण समोरच्यांना. त्यामुळे फेकणारीपेक्षा झेलणारीला किंमत.

चार नंबर ही आमची झेलणारी. मूळची मालवणकडची, वय एकोणपन्नास, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सगळ्या तिला ताई म्हणतात. हात पुरुषासारखे मोठे. मागच्या रांगेत मधोमध उभी राहायची आणि चेंडू तिच्या हातात असा यायचा की जणू तिथेच ठेवलेला होता. आम्ही तीन वेळा चषक जिंकलो तो तिच्यामुळे. कर्णधार मी असले तरी हे मला माहीत आहे.

आदल्या दिवशीच्या सराव सामन्यात तिच्या हातून चार चेंडू सुटले आणि आम्ही हरलो. पुढच्या शुक्रवारी स्पर्धा होती. सात नावं गुरुवारी सकाळपर्यंत द्यायची होती, आणि ती मीच द्यायची होती.

संध्याकाळी दोघी चहाला आल्या. एक इथल्या मराठी मंडळातल्या वहिनी, ज्या खेळत नाहीत पण मैदान मिळवण्यापासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत सगळं बघतात. दुसरी आमची सर्व्हिस करणारी. बँकेत आहे, पस्तिशीची, जिभेला हाड नाही.

"विषय एकच आहे," बँकवाली बसायच्या आधीच म्हणाली. "ताईंचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? लोणचं घालायचंय का?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही हसा. चार चेंडू गेले वहिनी. त्यातला एक तर माझी पोरगीपण झेलेल."

"पोरगीला घे मग संघात."

"आणि ताईकडे चेंडू गेले किती?" मी विचारलं. "मागे पडलेला प्रत्येक चेंडू तीच घेते. बाकीच्यांच्या हातून सुटत नाहीत, कारण बाकीच्या हातच लावत नाहीत."

"बरोबर. पण जाळीपलीकडच्यांना ते कळलंय. त्या आता मुद्दाम तिच्याकडेच टाकतात."

हेही खरं होतं. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. हळदीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विषय तिथेच संपला असता आणि तिला वगळणं सोपं झालं असतं, म्हणून सांगितलं नाही.

वहिनींनीच तोडगा काढला. "आपण ताईंचा सत्कार करू. स्पर्धेच्या उद्घाटनाला. शाल, श्रीफळ, मंडळाच्या अध्यक्षांच्या हस्ते. इतकी वर्षं दिलीत, आता मार्गदर्शक व्हा म्हणून सांगू. माणूस स्टेजवर नाही म्हणत नाही."

"मस्त," बँकवाली म्हणाली. "खलास."

मी हो म्हटलं. हे लिहिणं भाग आहे. आपल्याकडे माणसाला बाजूला करायचं असलं की आपण त्याला शाल घालतो. शाळेत, बँकेत, गणेशोत्सवाच्या मंडळात, सगळीकडे मी हे पाहिलेलं आहे आणि टाळ्याही वाजवलेल्या आहेत. खांद्यावर शाल आली की माणूस हात जोडतो, आणि जोडलेल्या हातांनी काही धरून ठेवता येत नाही. सोमवारी कामावरून सुटल्यावर मी हमरियाच्या बाजारात गेले आणि मोरपंखी काठाची शाल घेतली. दुकानदाराने ती दुकानाचं नाव छापलेल्या कडक कागदाच्या पिशवीत घालून दिली. ती गाडीच्या मागच्या सीटवर टाकली आणि विसरले.

बुधवारी वादी कबीरला शेवटचा सराव होता. मैदानाला लागून गाड्यांची गॅरेजेस आहेत; पत्रा ठोकण्याच्या आवाजात आमचा अर्धा आरडाओरडा बुडतो. मी त्या दिवशी खेळले नाही, कडेला उभी राहून पाहिलं. चेंडू उंच मागे गेला की कुणीतरी ओरडायचं, "ताईंचा!" आणि दोन्ही बाजूच्या पोरी दोन पावलं मागे सरकायच्या. ही पद्धत माझी. पहिल्या चषकाच्या वर्षी दोघी एकाच चेंडूला धावून डोकी आपटली होती, तेव्हा मी नियम केला: मागचा उंच चेंडू ताईंचा, बाकीच्यांनी जागा सोडायची. नियम इतका चांगला चालला की त्याचं पुढे काय होईल हे मी पाहिलंच नाही. आता आमच्या संघात उंच चेंडूखाली उभं राहता येणारी दुसरी बाई नव्हती. नऊ नंबरची, जिला ताईच्या जागी घ्यायचं म्हणत होतो, ती तर चेंडू वर गेला की डोळे मिटते की काय असं मला वाटत आलंय.

सराव संपल्यावर मी नेहमीप्रमाणे ताईला सोडायला निघाले. ती हमरियातच राहते, मैदानापासून दहा मिनिटांवर. नवरा कामासाठी लांब दुक्मला, महिन्यातून दोनदा येतो. दोन्ही मुलं पुण्यात शिकायला. तिने पाण्याची बाटली मागे ठेवायला हात नेला आणि पिशवी पाहिली.

"काय गो, शाल?"

"हो."

"कुणाचं लग्न?"

सिग्नल लाल होता, तो हिरवा झाला तरी मी दोन क्षण थांबले आणि मागच्याने हॉर्न मारला.

"यल्ला, चल," ती म्हणाली. पुढच्या वळणावर तिने पिशवीकडे पुन्हा वळून पाहिलं. "शुक्रवारी मला घालणार आहात."

"वहिनींच्या डोक्यातून निघालं."

"पण घेतलीस तूच ना?"

"मी घेतली."

"रंग चांगला आहे." ती खिडकीबाहेर पाहत होती. "माझ्या सासऱ्यांना शाळेने घातली होती. मला वाटतं तेव्हापासून ते शाळेच्या रस्त्याने गेले नाहीत. बाजाराला लांबून वळसा घालायचे."

तिच्या इमारतीखाली गाडी लावायला जागा नव्हती. मी दुसऱ्या गाडीच्या मागे आडवी उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं. आता बोलायलाच हवं होतं.

"ताई, जर्सीला हळद लागली होती."

ती हसली. "साबण लावलास वाटतं. मी विसरले गो. पुढच्या वेळी काळी जर्सी घ्या."

तिने पट्टी सोडली. मधली दोन बोटं पिवळी होती आणि सांध्यापाशी सुजून आल्यासारखी जाड. सकाळी ती मिटत नाहीत, डॉक्टर म्हणाला झीज आहे, परत पहिल्यासारखी व्हायची नाहीत. हे सगळं तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर शाल गेल्या वर्षीच आली असती."

"मुलींना अडचण होते ताई. सामना हरलो आपण."

"हरलो. माझे चार सुटले, ते तुम्ही मोजलेत. त्या पोरी मागे सरकल्या, ते कुणी मोजलं? मी झेलणार म्हणून त्या उभ्या राहतात, देवळात उभ्या राहतात तशा. त्यांना तू शिकवलंस हे."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे ना, मग नऊ नंबरला माझ्या जागेवर उभी करून तिचं काय होणार तेही माहीत असेल."

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, आताही नाही. ताई तशा बोटांनीही नऊ नंबरपेक्षा जास्त चेंडू घेईल, हे मला दिसत होतं. पण पुढच्या वर्षी घेणार नाही, आणि पुढच्या वर्षीही पोरी मागेच सरकत असतील, हेही दिसत होतं.

"मला खेळायचं आहे," ती म्हणाली. "तू विचारायच्या आत सांगून ठेवते. घरात दिवसभर फोन वाजला तर तो कंपन्यांच्या जाहिरातीचा. तिथे निदान कुणी ताईंचा, ताईंचा म्हणून ओरडतं. पण वगळायचं असेल तर वगळ. कर्णधार तू आहेस. फक्त शाल नको. मी तुला शाल घातली होती का?"

ते मला विसरता येण्यासारखं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी, मी नवीन होते तेव्हा, कर्णधार ती होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने मला सगळ्यांसमोरून बाजूला नेलं आणि म्हणाली, तू या वेळी बाहेर बस, तुझे हात कच्चे आहेत. एवढंच. मी घरी जाऊन भांडी जोरात आपटली. दोन दिवस तिचा फोन घेतला नाही. मग ती संध्याकाळी चेंडू घेऊन माझ्या दारात आली आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मला तासभर झेलायला लावलं. तेव्हा मला ती निर्दय वाटली होती. पण माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे कुणी चहाला बसलं नव्हतं.

"सांग मग," ती म्हणाली.

मी म्हणाले, विचार करते. मागून कुणीतरी हॉर्न दिला. मी ज्याची वाट अडवली होती तो माणूस किल्ली हातात घेऊन उभा होता. ताई उतरली, दार बंद केलं. बाटली मागेच राहिली.

घरी येऊन मी भाजी चिरली, पोळ्या केल्या, नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, खेळ आहे तुमचा, इतकं काय. मी त्याला काकडी किसायला दिली.

गुरुवारी सकाळी साडेसहाला, ऑफिसला निघायच्या आधी, मी तिला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"ताई, उद्या तू सातात नाहीस."

"बरं."

"तुझ्या जागी नऊ नंबर."

"बरं." तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. "तिला सांग, कोपरं आत ठेव. आणि 'ताईंचा' ओरडायचं बंद करा आता, नाहीतर सवयीने सगळ्या सरकतील आणि चेंडू मधोमध पडेल."

"सांगते."

"आणि ती शाल?"

"परत करते."

"परत नाही घ्यायचा तो दुकानदार. मी ओळखते त्याला." आणि तिने फोन ठेवला.

उद्या बघायला येशील का, हे विचारायचं राहिलं. पुन्हा लावावा म्हणून फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. ते विचारणं माझ्या सोयीसाठी होतं.

मग ग्रुपवर सात नावं टाकली. खाली लिहिलं की सत्कार होणार नाही, ताईंना मी स्वतः सांगितलं आहे, आणि उद्या मागचा चेंडू जिच्या डोक्यावर येईल तिचा. बँकवालीने अंगठा पाठवला. वहिनींनी लिहिलं, असं कोरडं कसं सांगितलंस गं, बरं दिसत नाही ते. नऊ नंबरने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या दिसत होत्या.

चार नंबरची जर्सी अजून माझ्याकडेच होती. शनिवारपासून तीनदा धुतली तरी बाहीवर पिवळट सावली उरली होती. हळद साबणाने जात नाही, उन्हाने जाते. मी ती पुन्हा ओली केली, बाल्कनीत उलटी करून दोरीवर टाकली, दोन चिमटे लावले आणि गाडीची किल्ली घेऊन खाली उतरले.