डावखुरीचा ग्लोव्ह

कॉलेजात मी सॉफ्टबॉल खेळायचे असं सांगितलं की लोक आजही विचारतात, "म्हणजे क्रिकेटच ना?" नाही. पण समजावत बसायला वेळ नसतो, म्हणून मी "तसंच काहीसं" म्हणते आणि पुढच्या कामाला लागते.

ऐंशीच्या दशकात आमच्या उपनगरातल्या कॉलेजात मुलींचा संघ होता. पळते चांगली म्हणून सरांनी मला खो-खोमधून उचलून तिथे नेलं. पहिलं वर्ष बाकावर गेलं. दुसऱ्या वर्षासाठी डावीकडच्या आउटफिल्डची, म्हणजे पार मागे कुंपणापाशी उभं राहून उंच चेंडू झेलायची, जागा रिकामी झाली. ती मला हवी होती. माझ्याइतकं लांब फेकणारी दुसरी कोणी नव्हती.

अडचण एकच होती. ज्या हाताने फेकायचं नसतं त्या हातात ग्लोव्ह घालतात. कॉलेजकडचे सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे होते आणि मी फेकायचे डाव्यानेच. त्यामुळे झेल घ्या, ग्लोव्ह काढा, चेंडू हातात घ्या, मग फेका. तोवर धाव काढायला पळणारी समोरच्या संघाची मुलगी घरी पोचून चहा पिऊन यायची.

"एक डावखुरा ग्लोव्ह मागवा ना सर," मी म्हटलं.

"एकटीसाठी? ऑफिसात काय सांगू?" मग त्यांनी विचारलं, "जेवतेस कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"लिहितेस?"

"उजव्याच."

"मग फेकायला काय झालं? सुट्टीत शिकून घे."

आता यांना काय सांगायचं? प्रसादाला डावा हात पुढे केला की आई चापट मारायची, म्हणून जेवणं-लिहिणं उजव्याने आलं. दगड मारून कैऱ्या पाडताना आई सोबत नसायची, त्यामुळे फेकणं डाव्याकडेच राहिलं.

तरी मी आखणी केली. सकाळी ऊन चढायच्या आत बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवर खडूने चौकोन काढायचा आणि उजव्या हाताने मारत राहायचं. संध्याकाळी मैत्रीण यायची. ती आमची कॅचर, म्हणजे बॅट घेतलेल्या मुलीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. तिच्याकडे लांबून फेकायचं. तळमजल्यावरचे काका खिडकीतून ओरडायचे, "अगं, भिंत पाडायचं कंत्राट घेतलंयस का?" मे संपेपर्यंत चेंडू चौकोनात जायला लागला, पण त्यात जोर नव्हता. खांदा मात्र इतका दुखायचा की वेणी घालता येईना.

"यार, तू म्हातारीसारखी फेकतेस," मैत्रीण म्हणाली.

"गप गं. सरावाने येईल."

नाही आलं.

निवडीच्या दिवशी सरांनी तिसऱ्या बेसवर, म्हणजे होमच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर, एका मुलीला उभं केलं आणि माझ्याकडे उंच चेंडू मारला. झेल व्यवस्थित घेतला. ती मुलगी धाव पूर्ण करायला होमकडे सुटली. मी शिकल्याप्रमाणे उजव्या हाताने फेकलं. चेंडू दोन टप्पे खाऊन लोळत गेला.

"पुन्हा!" सर ओरडले.

पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. तिसरा चेंडू वर गेला तेव्हा मी ग्लोव्ह काढून गवतात टाकला, उघड्या हातांनी झेल घेतला आणि डाव्याने फेकलं. चेंडू थेट होमवर बसलेल्या मैत्रिणीच्या ग्लोव्हमध्ये गेला. पळणारी चार पावलं अलीकडेच आउट झाली.

"झकास!" मैत्रीण किंचाळली.

सर चालत माझ्यापर्यंत आले. "मॅचमध्ये ग्लोव्हशिवाय उभी करू तुला? बोटं मोडली तर तुझे बाबा कोणाला धरणार?"

"मग ग्लोव्ह आणा ना सर!"

"आवाज खाली. राखीव आहेस तू."

माझी जागा उजव्या हाताने फेकणाऱ्या एका मुलीला मिळाली. तिचा थ्रो माझ्या निम्म्यावरही पोचत नव्हता. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे, रागानेच म्हणते, पण खरं आहे.

घरी आईने विचारलं, "घेतलं का?"

"राखीव."

"म्हणजे घेतलंच की गं."

"नाही आई. राखीव म्हणजे कोणाला लागलं तरच."

त्या हंगामात आमच्या एकाही मुलीचा साधा पाय मुरगळला नाही. सर ते सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.